दीडशेपैकी नव्वद

तालुक्याने मला आदर्श शिक्षक ठरवलं, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. शिरूरच्या मंडपात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि सात भाषणं ऐकावी लागली. त्यातल्या सहा वक्त्यांना मी कोण हे ठाऊक नव्हतं. मग न्यायालयाचा निकाल आला. सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण करावी, नाहीतर नोकरी सोडावी. निवृत्ती पाच वर्षांच्या आत असेल तर सूट. माझी नऊ उरली होती. भीमेकाठच्या जिल्हा परिषद शाळेत एकवीस वर्षं काढल्यावर मला शिकवता येतं की नाही, ते आता दीडशेपैकी नव्वद गुण ठरवणार होते.

घाबरलो, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त चेकाळलो. केडगावला घराजवळच्या दुकानातून गाईड आणलं, नव्या कोऱ्या पेनांचा डबा आणला आणि पहाटे उठून अभ्यासाला बसू लागलो. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझीही परीक्षा घेणार होतं!

आमची शाळा दोन शिक्षकांची. दुसऱ्या मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान, टीईटी पास होऊनच नोकरीला लागलेल्या. एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी माझ्याकडून सराव पेपर सोडवून घेतला. गणितात तीसपैकी अठ्ठावीस, बालमानसशास्त्रात तीसपैकी अकरा.

"सर, हे काय? तास चालू असताना मुलाने विषयाबाहेरचा प्रश्न विचारला, तर तुम्ही त्याला गप्प बसायला सांगणार?"

"सांगणार काय, रोजच सांगतो."

"तुम्ही काय करता ते विचारलंच नाही. आदर्श शिक्षक काय करेल, ते विचारलंय."

"मॅडम, माझ्याकडे शाल आहे."

"शालीला गुण नाहीत, सर."

बरोबर उत्तर होतं: प्रश्न वर्गापुढे चर्चेला ठेवावा. ज्याने हे लिहिलं, त्याच्यासमोर चौथीचा वर्ग कधी बसला नसावा, याबद्दल माझी खात्री होती. ती सिद्ध करायला मी सोमवारची वाट पाहू लागलो.

सोमवारी भागाकार चालू असताना एक मुलगी उठली. "सर, आपली नदी दौंडकडंच का जाती? शिरूरकडं का न्हाई?"

'खाली बस' ओठांवर आलं होतं. ते गिळून मी वर्गाकडे वळलो. "सांगा बरं, का?"

"दौंडला जंक्शन हाय म्हणून!"

"येडा का काय! नदी काय रेल्वेनं जाती व्हय?"

"उतार तिकडं आसंल."

"मंग बघू की वतून!"

मी नको म्हणायच्या आत बादली भरून पटांगणात आली. पाणी ओतलं आणि ते सरळ शिरूरच्या दिशेने निघालं. एकच गलका झाला. उतारवाल्याला सगळ्यांनी घेरलं. तो रडकुंडीला आला, आणि मग एकदम ओरडला, "आरं, ह्यो पटांगणाचा उतार हाय! गावाचा येगळा!" गावाचा उतार कसा शोधायचा यावर चर्चा इतकी पेटली, की मॅडम त्यांचा वर्ग घेऊन बघायला आल्या. भागाकार राहिला तो राहिलाच. मी मात्र पटांगणात भिजलेल्या चपलांनी उभा होतो आणि कित्येक वर्षांत तास संपू नये असं मला वाटलं नव्हतं, ते त्या दिवशी वाटलं.

त्यानंतर मी बालमानसशास्त्र वाचायचो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात करून बघायचो. काही पर्याय साफ फसले. पण जे जमले, ते पाठ करावे लागले नाहीत.

परीक्षा पुण्यात झाली. निकालाच्या दिवशी मधल्या सुट्टीत मोबाईलवर आकडा दिसला: सत्त्याण्णव. उत्तीर्ण. पुढची नऊ वर्षं माझी होती! मी वर्गात जाऊन आरोळीच ठोकली.

"किती मार्क पडलं, सर?" मॉनिटर मुलीने विचारलं.

"सत्त्याण्णव!"

"शंभरातलं?"

"दीडशातले."

तिने बोटांवर हिशेब केला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आसू द्या, सर. पास झालात ना, बास."