साळूबाईंचा पाला

हिर्डोशीत भात कापताना कुणाला विळा लागला की साळूबाई घावावर पाला बांधत. पाला द्यायच्या तो कुटूनच, कुणाला झाड ओळखू येऊ नये म्हणून. नाव सांगितलं की गुण जातो, असं सासूनं बजावलेलं.

भोरच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवणाऱ्या मैथिलीताईंनी एकदा गावात आल्यावर तोंडावरच विचारलं, "घाव पाल्यानं भरतो की आपोआप? तपासल्याशिवाय कसं मानायचं?"

जमलेली माणसं चिडली. साळूबाईंनी मात्र परसातून अख्खं झाड मुळासकट उपटून आणलं आणि सगळ्यांदेखत त्याचं नाव सांगितलं.

"आक्का, आता गुण जाईल की!" धाकटी जाऊ घाबरली.

"नाव घेतल्यानं जातो त्यो गुण कसला?" साळूबाई कडाडल्या. "घिऊन जावा बाई, तपासा. खोटा निघाला तर पयलं मला सांगा. गावाला म्याच सांगीन."