उद्याचा डोस

दवाखाना बंद करताना दानियल कंपाउंडर कुलूप तीनदा ओढून पाहत. दोनदा नाही, चारदा नाही. मग आभाळाकडे तोंड करून, माडीवरच्या शेजाऱ्याला हाक मारावी तसे ओरडत, "बापा, माहं झालं. आता तू पाह्य!" आणि शीळ घालत सायकलवर टांग टाकत.

गिरडच्या वाटेवरचं ते गाव, साल चोपन्न. मी तिथे शाळामास्तर. पहिलं मूल जन्मताच गेलेलं; बायको पुन्हा गरोदर आणि माझं काळीज सतत ढोलकीसारखं वाजणारं. शेवटी दवाखाना गाठला. दानियलभाऊंनी नाडी धरली.

"झोप?"

"नाही."

"भूक?"

"नाही."

"बायको कशी हाय?"

"ती मजेत आहे हो!"

"म्हंजे पोट तिचं आन् कळा तुमाले!"

त्या काळी मिक्श्चरच्या बाटलीवर डोसांच्या खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवत. भाऊंनी पट्टीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, ती बाजू काचेला चिकटवली आणि दुधट औषध भरलं. "सकाळी एक, संध्याकाळी एक. तीन दिवस. औषध उतरलं का आतून शब्द दिसन. आमच्या शास्त्रातला, बायबलातला हाय, कडू नाई."

पहिला डोस घेतला. काचेतून शब्द दिसला, 'भिऊ'. मी बाटली फडताळात लपवली! संध्याकाळी 'नकोस'. जीव भांड्यात पडला. दुसऱ्या सकाळी, 'कारण'.

आता तुम्हीच सांगा, 'कारण'पाशी कोण थांबेल? मी दाराला कडी घातली आणि उरलेले तिन्ही डोस घटाघटा प्यालो. 'मी तुझ्याबरोबर आहे.'

रिकामी बाटली पाहून भाऊ पोट धरून हसले. "मरत नाई तुमी, साधंच व्हतं. पन काऊन मास्तर, उद्याचा डोस आजच पेले? हाच तं तुमचा रोग हाय! तो उद्याही बरोबर राह्यनार हाय. तुमी आजच काऊन धावून राह्यले?"

मी चिडलो. "मग तुम्ही कुलूप तीनदा का ओढता?"

"मी तुमच्याहून भित्रा! एकदा चोरासाठी ओढतो, एकदा डाक्टरसाठी, एकदा माह्या जिवासाठी. चौथ्यांदा ओढू नये म्हनून त्याले सांगतो."

बाळंतपण भर दुपारी आलं. ओट्यावर भाऊ आणि मी. आत बायको कण्हत होती, बाहेर मी बोटांवर ते सहा शब्द मोजत होतो. 'कारण'पाशी मी थांबलो की पुढचे तीन भाऊ म्हणत. असं किती वेळा झालं, देव जाणे. मग आतून एक सणसणीत टाहो आला. मुलगी! माझ्याआधी भाऊच रडले.

चार वर्षांनी ते निवृत्त होऊन लेकाकडे निघाले. बस सुरू झाली आणि भाऊ ताडकन उठले. "मास्तर! मी कुलूप ओढलं का नाई?"

मी खालून ओरडलो, "भाऊ, उद्याचा डोस!"

ते मटकन बसले, हसले. बस हलली. वळणावर खिडकीतून त्यांचं डोकं बाहेर आलं. "बरोबर हाय तुमचं! पन जाता जाता पाहून येजा!"

मी दवाखान्यापाशी गेलो. कुलूप पक्कं होतं. तरी तीनदा ओढलं. कडेवरची लेक चौथ्यांदा ओढायला निघाली, तेव्हा तिचा हात धरला आणि वर पाहून ओरडलो, "बापा, आमचं झालं. आता तू पाह्य!"