फिरकीचा तांब्या आणि मी लिहिलेला बाप

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका शाळेचं वाचनालय मी एकोणीस वर्षं सांभाळलं. मग ती जागाच रद्द झाली. घरी बसून सहा महिने झाले आणि ओळखीतून एक काम चालून आलं. जुन्या वस्तूंचा लिलाव करणारे एक गृहस्थ होते. वर्षातून दोनदा हॉल घेऊन ते लिलाव भरवायचे. त्यासाठी छापायच्या यादीत प्रत्येक वस्तूची माहिती लिहून द्यायची, एवढंच काम.

"मराठी चांगलं आहे तुमचं, मॅडम," ते म्हणाले, "फक्त थोडं दमदार लिहा. वस्तू कोणी घेत नाही. लोक तिच्यामागची गोष्ट घेतात."

सुरुवातीला मी जपून लिहायची. वस्तू देणारे लोक अर्धवटच सांगत. अडकित्ता आजोबांचा की आजोबांच्या मामांचा, त्यांनाच ठाऊक नसायचं. मी लिहायची, 'बहुधा', 'असे सांगतात'. मालक त्या शब्दांवर पेनानं काट मारत. हळूहळू ते शब्द माझ्या हातूनच लिहायचे राहू लागले.

मग तो तांब्या आला. पितळेचा, फिरकीच्या झाकणाचा. पूर्वी प्रवासात पाणी सांडू नये म्हणून असे तांबे नेत. भंगारवाल्याच्या पोत्यातून आलेला, त्यामुळे कोणाचा ते विचारायला माणूसच नव्हता. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, पण घासून घासून पुसट झालेलं. '...बाई' एवढं वाचता येई, आणि खाली गावाचं पहिलं अक्षर, 'भि'.

"काहीतरी लिहा," मालक म्हणाले. "नुसता तांब्या कोण घेईल?"

मनीषनगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तांब्या समोर ठेवून मी एका दुपारी आठ ओळी लिहिल्या. भिवापूरची एक मुलगी. नर्सिंग शिकायला नागपूरला निघाली. सगळी भावकी विरोधात, पण बाप तिला छोट्या, अरुंद रुळांच्या रेल्वेवर पोचवायला आला. गाडी सुटताना त्यानं नवा तांब्या तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "जा. मागं पाहू नको." भिवापूर एवढ्याचसाठी, की 'भि'वरून मला तेच आठवलं आणि तिथं ती छोटी गाडी थांबायची.

बाकीचं कुठून आलं ते मला लिहितानाच कळत होतं. अठराव्या वर्षी मला नर्सिंगला जायचं होतं. भरलेला अर्ज बाबांनी गादीखाली ठेवला आणि शेवटची तारीख उलटू दिली. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. म्हणून मी तांब्यासाठी एक बाप लिहिला, मला हवा होता तसा.

लिलावाच्या दिवशी मी हॉलच्या शेवटच्या रांगेत होते. तांब्यावर तिघंचौघं बोली लावतील असं वाटलं होतं. पण पुढच्या खुर्चीवरचे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ हात खालीच घेईनात. इतर गप्प झाले तरी त्यांचा हात वरच. "एक वार, दोन वार, तीन वार" झालं. तांब्या हातात मिळाल्यावर ते उभ्याउभ्याच रडू लागले.

दोन दिवसांनी ते माझ्या दारात. पत्ता मालकांनीच दिला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हुडकेश्वरला राहणारे. आत येऊन बसले, पाणीही प्यायले नाहीत.

"ताई, थे माही आत्या होती," ते म्हणाले. "आमी भिवापूरचे. मी पाच वर्षांचा असन. एका सकाळी आत्या घरात नव्हती. छोट्या गाडीत बसताना कोणीतरी पाह्यलं, बस. आज्यानं तिच्या नावानं आंघोळ केली. घरात पुन्हा तिचं नाव कोणी काढलं नाही."

"ती नर्स व्हायला गेली होती?" मी विचारलं.

"कोणाले मालूम? तुमी लिहिलं तवा समजलं. आणि आज्यानंच पोचवली तिले! वरून राग दाखवत होता, भावकीसाठी. जनमभर मी त्या माणसाले शिव्या घातल्या, ताई."

मला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "चहा ठेवते."

ते गेल्यावर मी मालकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, यादीवर तुमचं नाव नाही, माझं आहे. एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या शंभर कोण खऱ्या मानेल? जुन्या घरातून माहिती मिळाली म्हणा आणि विषय संपवा."

विषय संपला नाही. दर आठवड्याला हुडकेश्वरच्या काकांचा फोन येई. माहिती देणारं घर कोणतं? आत्या कोणत्या दवाखान्यात होती? तिनं लग्न केलं का? मी प्रत्येक वेळी थोडंथोडं टाळत होते आणि प्रत्येक टाळण्यातून त्यांना काहीतरी नवीन मिळत होतं. "तुमाले सांगता येत नाही, समजलं," ते म्हणत. "कोणाले शब्द दिला असन." फोन बंद ठेवला, तर एकदा ते बिल्डिंगच्या खाली येऊन उभे राहिले. तब्येत बरी आहे ना, एवढंच विचारायला.

शेवटी एका रविवारी मी हुडकेश्वरला गेले. त्यांच्या पत्नीनं पोह्यांवर झणझणीत तर्री घालून बशी समोर ठेवली. मी बशीला हात न लावता सगळं सांगितलं. पोतं, भंगारवाला, पुसट अक्षरं, 'भि'. "काका, मी ते बनवून लिहिलं," मी म्हणाले. "भिवापूर मी निवडलं. मुलगी, बाप, सगळं माझ्या मनातलं."

त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. मग हळूच म्हणाले, "त्या लिलाववाल्यानं पाठवलं ना तुमाले? जास्त भाव देणारा भेटला असन त्याले."

"नाही हो. मी स्वतः आले."

"बरं. मग सांगा, भिवापूरच काहून आलं तुमच्या मनात? भिसी गाव काहून नाही? आणि पोरगी छोट्या गाडीनंच काहून गेली?"

"सुचलं."

"तेच म्हणून राहिलो मी," ते पत्नीकडे वळून म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "यायले माहीतही नाही. आत्यानंच लिहून घेतलं यायच्या हातून."

माझ्याकडे अजून एक गोष्ट होती, गादीखालच्या अर्जाची. ती सांगितली असती तर कदाचित त्यांना पटलं असतं. पण ती मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती. मी पोहे खाल्ले आणि परत आले.

पुढच्या महिन्यात त्यांनी घरी नातेवाईक जमवले. मी नाही म्हटलं. त्यांनी गाडी पाठवली. दुपारची वेळ, बैठकीत तीसेक माणसं. आत्याचा फोटो नव्हता, म्हणून पाटावर तांब्या ठेवून त्याला हार घातला होता. यादीचं ते पान मोठं करून, लॅमिनेट करून आणलेलं. ते माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "तुमच्याच तोंडून होऊ द्या, ताई."

दार माझ्या मागे होतं आणि दारातही माणसं बसली होती. मी वाचलं. "जा. मागं पाहू नको," या वाक्यावर माझा आवाज फाटला आणि सगळ्यांना वाटलं, बाई किती मनापासून वाचते आहे. बायका डोळे पुसत होत्या. काकांच्या पत्नीनं माझी ओटी भरली.

मग काकांनी नातीला जवळ बोलावलं. तिला पुण्याला शिकायला जायचं होतं आणि वर्षभर घरात त्यावरून भांडण चालू होतं, हे मला तिथंच कळलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "माह्या आज्यानं त्या काळात पोरीले सोडलं. मी काहून अडवू?"

टाळ्या वाजल्या. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण त्याहून जास्त मला तिचा हेवा वाटला, आणि हेवा ओसरायच्या आत लक्षात आलं, की आता तोंड उघडायची शेवटची वाट बंद झाली. कालपर्यंत मी खरं सांगितलं असतं तर एका म्हाताऱ्याचं मन दुखलं असतं. आता एका मुलीचं जाणं त्या आठ ओळींवर उभं होतं.

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. मोठ्या माणसांसारखं न बोलता तिनं सरळ विचारलं, "काकू, खरंच असं झालं होतं?"

आधी जे खोटं होतं ते कागदावर होतं. मी तिच्याकडे पाहून म्हणाले, "हो."

लिलावाचं काम मी सोडलं नाही, सोडून परवडणारं नव्हतं. पण आता फक्त धातू, उंची, वजन, कुठं पोचा आहे, कुठं डाग आहे, एवढंच लिहिते. मालक वैतागतात. गोष्टी आता ते दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेतात. काकांचा सकाळचा नमस्काराचा मेसेज रोज येतो.

आणि मागच्या आठवड्यात पुण्याहून तिचा मेसेज आला. कॉलेजात आपल्या घरातल्या एका बाईबद्दल लिहायला सांगितलं आहे. तिनं पणजोबांची बहीण निवडली आहे, तांब्यावाली. 'काकू, पुढं तिचं काय झालं? तुम्हाला माहीत असेल तेवढं सगळं लिहून पाठवाल?'

मी तो मेसेज उघडला. उघडला हे तिला दिसतं. चार दिवस झाले. मी रोज टेबलाशी बसते, दोन शब्द लिहिते, पुसते. काल एक पूर्ण ओळ लिहून झाली होती. चांगली ओळ होती. मी ती पाठवली नाही, आणि पुसलीही नाही.