गॅस बंद केलास का?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांनी तोडलेली प्रत्येक वायर डाख लावून पुन्हा जोडून देणाऱ्या म्हणून त्यांना सगळे डाखबाई म्हणत. नवरा गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी नोकरी सांभाळून एमटेकला नाव घातलं. बाकीची मुलं गटात होती. चाळिशी ओलांडलेल्या बाईला कोण गटात घेणार? प्रबंधाचा प्रकल्प त्यांनी एकटीनेच उचलला.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. घरात नवऱ्याची थोरली बहीण होती. वन्संचा विसराळूपणा वाढत चालला होता. भाऊ गेल्याचं त्यांना कधी आठवे, कधी नाही. चहा ठेवायच्या नि खोलीत जाऊन बसायच्या. दोन भांडी जळून कोळसा झाली होती.

बाईंनी एक डबी बनवली. शेगडी पेटलेली आहे आणि स्वयंपाकघरात कोणी नाही, असं दिसलं की डबी बोलायची, "वन्सं, गॅस बंद करा." आवाज बाईंचाच.

"मला शिकवू नकोस!" वन्सं खोलीतूनच डबीवर खेकसत. उठत मात्र नसत.

"ऐकणाराच ऐकत नसेल तर यंत्राचा उपयोग काय?" मार्गदर्शक सर म्हणाले.

मग बाईंना नवऱ्याचा फोनवरचा एक जुना निरोप आठवला. नवरा-बायको बाहेरगावी गेले असताना त्याने बहिणीला पाठवलेला. 'ताई, गॅस बंद केलास का? बघ बरं जरा.' फोनचा आवाज पूर्ण बंद करून, पडद्यावर उमटणाऱ्या आवाजाच्या लाटांकडे बघत बघत, बाईंनी तो निरोप डबीत घातला. ऐकायची छाती झाली नाही.

बाई कॉलेजात असताना तेवढी डबी चालू असे आणि दर वेळची नोंद ठेवी. वन्सं लगेच उठू लागल्या. सर खूश झाले. आलेख झकास आला.

पण पुढे पुढे डबीतल्या नोंदी वाढायला लागल्या. शेगडी पूर्वीपेक्षा जास्त वेळा पेटती राहत होती. दुखणं वाढलं, असं समजून बाईंनी डॉक्टरांची वेळ घेतली आणि एका दुपारी लवकर घरी आल्या.

स्वयंपाकघराच्या दाराबाहेर वन्सं भिंतीला टेकून उभ्या होत्या. आत शेगडी पेटलेली, वर भांडंसुद्धा नाही. डबी बोलली. कितीतरी दिवसांनी तो आवाज बाईंच्या कानावर पडला आणि त्या चपलांसकट घराच्या दारातच बसल्या.

"हो रे, करते हं," वन्सं म्हणाल्या. "जेवलास का तू?" उत्तराची वाट पाहून त्यांनी आत जाऊन गॅस बंद केला. पुन्हा पेटवला. पुन्हा बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

त्याच संध्याकाळी बाईंनी तो आवाज काढून टाकला.

"शेवटच्या आठवड्यांच्या नोंदी गाळा," सर म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

"सर, तेच तर खरं घडलं."

बाईंनी सगळं लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं उलटली. "म्हणजे तुमच्या यंत्राने धोका वाढला?"

"हो सर."

जेमतेम पास केलं त्यांनी.

घरी वन्सं चार-आठ दिवस स्वयंपाकघराच्या दाराशी ताटकळत राहिल्या. एकदा हळूच म्हणाल्या, "बोलेनासा झालाय गं. तू काही लागेलसं बोललीस का त्याला?"

"नाही हो, वन्सं."

त्यांचा विश्वास बसला नाही. चेहऱ्यावर दिसतच होतं. त्यानंतर त्यांनी चहा करणंच सोडलं. दिवसभर खोलीत पडून असायच्या. भांडं जळायची भीती आता उरली नव्हती, तरी बाईंना कॉलेजातून घरी यावंसं वाटेना.

पदवीचा कागद आला, तेव्हा वन्संनी तो उलटासुलटा करून पाहिला. "कसला गं हा?"

"परीक्षा पास झाले मी."

"अगोबाई!" वन्संचा चेहरा तेव्हापासून पहिल्यांदाच उजळला. "मग त्याला कळव की! एवढं रागावून राहू नये बाई, नवरा आहे तो."

बाईंनी कागद त्यांच्या हातातून घेतला. "कळवते," म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.