समुद्रात ठेवलेली पिशवी

आम्हा शिरूर कासारकडच्या माणसांना पाणी मागं जाताना बघायची सवय. दिवाळीनंतर तलाव आटायला लागला की उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा पेरतात. एकदा पाणी सरलं की पुढच्या पावसापर्यंत ती जागा आपली, तिथं खुशाल भाकरीचं फडकं ठेवा, चपला ठेवा. सातवीत असताना अशाच गाळावर बसून मी आणि माझ्या मित्रानं एकमेकांना शब्द दिला होता. समुद्र बघायचा तर दोघांनी मिळून, एकट्यानं नाही.

पुढं त्यानं किराणा दुकान टाकलं, मी शाळामास्तर झालो आणि शब्द पाळत बसलो. लग्नानंतर बायको कोकणात जाऊ म्हणाली, मी तिला कोल्हापूर दाखवून परत आणली. शाळेची सहल गणपतीपुळ्याला निघाली तेव्हा पोटदुखीचं सोंग केलं. बायको म्हणायची, "तुमचा मैतर म्हंजे माझी सवतच हाय." मी ते हसण्यावारी न्यायचो.

गेल्या हिवाळ्यात एकदाचा बेत जमला. गुजरातच्या किनाऱ्यावरचं समुद्री राष्ट्रीय उद्यान, तीन दिवस. ते ठिकाण मित्रानंच काढलं होतं. निघताना बायकोनं पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक रिकामी बाटली घातली. "येताना समुद्राचं पाणी आणा. खरंच तेवढं खारट हाय का, बघते."

पहिल्या दिवशी होडीतून खारफुटीच्या कडेकडेनं हिंडलो, मग किनाऱ्यावर उतरलो. मित्रानं बूट काढले, ओंजळभर पाणी कपाळाला लावलं आणि म्हणाला, "आलो बे एकदाचे!" त्याचे डोळे वाहत होते. मीही त्याला मिठी मारून रडलो. दोन टकली माणसं गळ्यात गळा घालून रडतायत, म्हणून आजूबाजूचे लोक बघत होते. बघेनात का.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला समुद्राच्या तळावरून चालायचं होतं. पाणी लांब कुठं तरी गेलेलं. वाटाड्या पुढं, हातात काठी. एका डबक्यात त्यानं आठ पायांचा प्राणी दाखवला, दुसऱ्यात पुरीसारखा टम्म फुगणारा मासा. मी मनापासून खूश होतो, हे कबूल करतो. खांद्यावरची पिशवी जड झाली होती. एक बरा, कोरडा दगड दिसला, त्यावर ती ठेवली आणि वाटाड्यामागं निघालो. पाणी तर गेलेलं होतं.

मागून मित्र ओरडला, "उचल बे पिशवी! पाणी परत येतंय. मागल्या बारीला आमच्या पोराची चप्पल अशीच गेलती!"

मी पिशवी उचलली. मग वळून विचारलं, "कोणती बारी?"

तो खाली बघायला लागला. "तीन वरसं झाली. साडूनं गाडी केलती. बायको, पोरं मागं लागली, न्हाई म्हणता आलं न्हाई."

"मग मला कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आला नसतास."

"आन काल रडलास ते?"

"ते खरं होतं बे."

मला ते खरं वाटलं नाही. आजही वाटत नाही. तो आधी येऊन गेला याचं एवढं लागलं नसतं, पण पाठ केलेल्या त्या आनंदात त्यानं मला सामील करून घेतलं आणि मी येड्यासारखा रडलो, याची आग आग झाली. आम्ही काठावर पोचून मागं बघितलं तेव्हा दगड दिसत नव्हता. तिथं कमरेएवढं पाणी होतं.

तिसऱ्या दिवशी होडीनं एका बेटाकडं नेलं. मध्येच मित्र ओरडला, "डॉल्फिन! तिकडं बघ!" मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. होडीतल्या सगळ्यांना डॉल्फिन दिसला, मला सोडून. बेटावर उतरल्यावर बाटली तेवढी भरून घेतली. परतीच्या गाडीत त्यानं शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवल्या. खाल्ल्या, पण तोंड खिडकीकडंच ठेवलं.

घरी आल्या आल्या बायकोसमोर सगळं ओकलो. तिला तो कधीच आवडला नव्हता, त्यामुळं ती माझी बाजू घेईल याची खात्री होती. शब्द कसा मोडला, तीन वर्षं कसा गप्प बसला, रडण्याचं नाटक कसं केलं, काही म्हणून ठेवलं नाही. ती बाटलीचं झाकण उघडून ऐकत होती. तळहातावर थोडं पाणी घेतलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं.

"लई खारट हाय," ती म्हणाली. मग विचारलं, "म्हंजे त्यानं बायकोला नेलतं?"

"हो. तिला आन पोरांना. तेच तर सांगतोय."

तिनं झाकण घट्ट लावलं आणि बाटली माझ्या पुढ्यात ठेवली.

"बरं केलं त्यानं," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला आत गेली.