आठ लाखांच्या आत

मुलीचा नंबर पहिल्या यादीत लागला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते आणि बस कुरुळीच्या अलीकडे नेहमीसारखी ट्रॅफिकमध्ये उभी होती. फोनवर ती ओरडलीच, "आई, लागला!"

मी विचारलं, "सरकारी?"

"खासगी. पण जवळ आहे गं, तासाभराच्या रस्त्यावर."

मी "अरे वा" म्हटलं. ते उशिरा म्हटलं आणि तिला ते कळलं. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं? मुलीला एमबीबीएसला ॲडमिशन मिळाली म्हणून सांगितलं, तर तिनं बसभर दवंडी पिटली. गेटपाशी उतरेपर्यंत मी डॉक्टरची आई झाले होते, आणि घरात अजून कुणी फीचा आकडाही वाचलेला नव्हता.

आम्ही भोसरीत दोन खोल्यांत राहतो. नवरा तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. मी चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला आहे. माल पॅक होण्याआधी शेवटचा हात माझा. मुलगी एकुलती एक. नीट परीक्षेला ती दुसऱ्यांदा बसली होती. पहिल्या वेळी मार्क कमी पडले, तेव्हा आमच्याकडे वर्षभर टीव्ही मुका झाला. क्रिकेटची मॅच नवरा आवाज बंद करून बघायचा आणि विकेट पडली की नुसतंच मांडीवर थाप मारायचा. दुसऱ्या वेळी मार्क बरे पडले, पण असे की सरकारी कॉलेज मिळेल म्हणावं तर खात्री नाही आणि मिळणार नाही म्हणावं तर आशा सुटत नाही.

त्या रात्री तिनं खासगी कॉलेजची फी मोबाइलवर दाखवली. नवऱ्यानं चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. आकडा तोच होता.

"ही आपण भरायचीच नाहीये," मुलगी म्हणाली. आमच्यासारख्या घरातल्या मुलींची शिकवणीची फी सरकार भरतं, हे तिला पाठ होतं. तिचे मोबाइलवर कसले कसले ग्रुप होते, त्यावर राज्यभरातली पोरं दिवसरात्र हाच काथ्याकूट करत बसलेली असायची. अट एकच होती. आईबापाचं दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. तहसीलदाराचा दाखला आमच्याकडे होता आणि मागच्या वर्षी आम्ही आठ लाखांच्या आत जेमतेम का होईना, होतो. गरीब असल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. हॉस्टेल, मेस, पुस्तकं आपण भरू, एवढं जमेल, असं नवरा म्हणाला. आम्ही शेंगदाणे खात बसलो आणि हसलोसुद्धा.

त्याच आठवड्यात कंपनीत आम्हा पाच बायकांना वर ऑफिसात बोलावलं. एचआरचे साहेब म्हणाले, "तुम्हाला पर्मनंट करतोय."

याचा अर्थ काय, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. मी त्या कंपनीत बारा वर्षं होते आणि कागदोपत्री एकदाही सलग वर्षभर नव्हते. सात महिने झाले की ब्रेक द्यायचे. पंधरा-वीस दिवस घरी बसायचं, मग नव्या ठेकेदाराच्या नावाचा गेटपास घेऊन त्याच टेबलापाशी, त्याच दिव्याखाली, तेच काम. कायम कामगारांच्या दिवाळीच्या मिठाईचा खोका वेगळा, आमचा वेगळा. ज्यांना मी काम शिकवलं ती पोरं कायम होऊन माझे सुपरवायझर झाली आणि मला "मावशी, जरा पटापट" म्हणायला लागली. त्यामुळे साहेबांनी ते वाक्य उच्चारल्यावर मी खाली येऊन आधी बाथरूममध्ये गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

घरी मी ही बातमी मोठ्या थाटात सांगितली. नवरा खूश झाला. मुलीनं विचारलं, "पगार किती होणार?" मी सांगितला. तिनं मोबाइलवर हिशेब केला. मग दुसऱ्यांदा केला.

"आई, आपण बाहेर जातो."

"कुठं बाहेर?"

"आठ लाखांच्या."

दाखला दर वर्षी नवा लागतो. पहिल्या वर्षाचा प्रश्न नव्हता, प्रश्न पुढच्या सगळ्या वर्षांचा होता. आमच्या कामात एक गेज असतं. माल त्यात बसतो किंवा बसत नाही, थोडासा बसला असं नसतं. सरकारचंही तसंच. आठ लाखांच्या आत असाल तर सगळी फी माफ, जरा वर गेलात तर सगळी तुमच्या डोक्यावर. माझा पगार जेवढा वाढणार होता, त्याच्या कितीतरी पट फी आमच्यावर येणार होती. बँकेत जाऊन आलो. कर्ज मिळालं असतं, पण तारण मागत होते आणि आमच्या नावावर होती एक मोटरसायकल.

मग समजूत घालणं सुरू झालं. मला कुणी नोकरी सोड म्हटलं नाही. नवरा ताकाला जाऊन भांडं लपवत होता. "तुझी कंबर हल्ली फार दुखते," म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बसचा प्रवास वाढलाय, नाही?" बारा वर्षं माझी कंबर दुखतच होती, तेव्हा त्याला ती आठवली नव्हती. नणंदेचा फोन आला. "वहिनी, बाईनं किती दिवस राबायचं गं? आता लेक डॉक्टर होईल, तू आराम कर." आमच्या घरमालकीण मावशी भोसरीच्या जुन्या गावकरी. त्यांना आडपडदा माहीत नाही. पाणी भरताना म्हणाल्या, "त्यात इचार कसला करायचा? पोरीसाठी न्हाई सोडायची तर कुणासाठी? नोकऱ्या काय, छप्पन मिळत्याल."

"मावशी, ही मिळायला बारा वर्षं लागली."

"व्हय, पण पोरगी तर एकच हाय ना."

बरोबरच होतं. सगळ्यांचं सगळं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग येत होता. मुलींनी शिकावं म्हणून काढलेली सवलत, आणि ती मिळावी म्हणून मुलीच्या आईनं घरी बसायचं. एका रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही सोडा की नोकरी." तो खरोखर विचारात पडला. मग म्हणाला, "माझा पगार जास्त आहे गं." तो हिशेबही बरोबर होता. मी कूस बदलून झोपले.

एक वाट अजून शिल्लक होती. खासगी कॉलेजात प्रवेश घ्यायचा, पण सीट पक्की करायची नाही, दुसऱ्या फेरीत नाव राहू द्यायचं. सरकारी मिळालं तर ही सीट आपोआप सुटते, नाही मिळालं तर हीच राहते. सरकारी कॉलेजची फी माफ झाली नाही तरी माझ्या नव्या पगारात परवडणारी होती. नणंदेचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. हातचं सुटत नाही, हे मुलीनं तिला तीनदा समजावलं. मग मुलीनं पसंतीक्रम भरला. नकाशावर जिथं जिथं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथलं प्रत्येक. नवरा म्हणाला, इतक्या लांब नको, मुलीची जात. मी म्हटलं, घाला सगळी. इतक्या लांब जाईल तर सुट्टीला येणार कशी, यावरून आमचं जोरात वाजलं. बाजारात तुरी आणि आम्ही दोघं भांडतोय. शेवटी मुलगीच म्हणाली, "आधी लागू तरी दे."

दुसरी यादी लांबली. आज येणार, उद्या येणार. आणि एचआरच्या साहेबांनी आम्हाला शुक्रवारपर्यंतच वेळ दिला होता. "मॅडम, तुमची अडचण असेल तर सांगा, खाली रांग आहे," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता. रांग खरंच होती.

शुक्रवारी यादी आली नाही. दुपारी मी वर गेले. साहेबांनी कागद पुढे केला. मला तेव्हा सगळं स्पष्ट दिसत होतं, मी काही भोळेपणानं गेले नव्हते. यादीत नाव नसलं तर काय होईल, ते मला माहीत होतं. मी सही केली.

संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता सांगितलं. नवरा म्हणाला, "यादीपर्यंत थांबायचं होतंस."

"ते थांबणार नव्हते."

"मला फोन तरी करायचास."

"तुम्ही कंबरेचं विचारलं असतं."

त्यानं ताट पुढे ओढलं. मुलगी ताटावरून उठली नाही, पण भाकरीचा एक एक तुकडा फार वेळ चावत राहिली. मग ताट विसळून गॅलरीत जाऊन उभी राहिली. त्यानंतर यादी येईपर्यंत ती माझ्याशी बोलायची तेवढ्यापुरती बोलायची. डबा भरलाय का? हो. छत्री घेतलीस का? हो. रविवारी नवरा एकटाच मोटरसायकलवर देहूला जाऊन आला. काय मागितलंत, असं मी विचारलं नाही. इकडे मी तपासणीच्या टेबलापाशी कायम कामगाराच्या नव्या गणवेशात बसत होते आणि मला भीती वाटत होती. लेकीचं डॉक्टर होणं आईच्या नोकरीनं खाल्लं, हे माणसं जन्मभर बोलली असती. आणि लेकही बोलली असती, ही खरी भीती.

यादी आली तेव्हा मी कामावर होते. आमचे मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात. चहाच्या सुट्टीत उघडला तर मिस्ड कॉलची रांग. मी तिथंच उभ्याउभ्या परत फोन लावला.

"आई, सरकारी," मुलगी म्हणाली. "विदर्भात. पार टोकाला."

लॉकररूममध्ये बाकड्यावर बसून मी मोठ्यानं रडले. सुपरवायझर पोरगा डोकावला आणि "मावशी, बसा बसा" म्हणून निघून गेला. घरी गेले तर नवऱ्यानं पेढे आणून वाटलेसुद्धा होते. मावशी म्हणाल्या, "देवानं तारलं बघ तुला." नणंद म्हणाली, "वहिनी, नशीब बलवत्तर तुझं." मुलीचं नशीब कुणी म्हणालं नाही. नशीब माझं.

मी तिला सोडायला एकटीच गेले. कायम झाल्यावरची पहिली भरपगारी रजा त्यासाठी काढली. रात्रभर आणि अर्धा दिवस रेल्वे, मग रिक्षा. हॉस्टेलच्या खोलीत तीन पलंग, तिचा खिडकीजवळचा. आम्ही झाडून घेतलं, कपाटाला कागद लावला. ती आता नीट बोलत होती, नेहमीसारखी बडबडत होती. मला राहवलं नाही.

"नसतं लागलं सरकारी, तर गं?"

ती चादर घालत होती. दुसरं टोक माझ्या हातात होतं. "तर मी तुला नोकरी सोड म्हटलं असतं," ती म्हणाली. "बाबांसारखं आडून नाही. सरळ."

"सही झाली होती माझी."

"सही झाली म्हणून काय? राजीनामा देता येतोच ना."

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

ती हसली. मनापासून हसली, लहानपणी मी तिला खोटं रागवायचे तेव्हा हसायची तशी. "तू नाही म्हटलं नसतंस, आई. तू कधी म्हटलंयस का मला नाही?"

मी चादरीचं टोक गादीखाली खोचलं. राजीनाम्याचा विचार मी त्या शुक्रवारी साहेबांसमोर बसूनच केला होता, पुरता केला होता, आणि मग सही केली होती. मी नाही म्हटलं असतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.