टेकडीचा विडा

माझी आई धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजीच्या आधी तिचा मान. ती धवले गाते आणि त्या गाण्यातूनच देवांना लग्नाचं आमंत्रण जातं. आधी गावदेवी, मग खाडी, मग मिठागराच्या बांधावरचा देव, मग गावामागची टेकडी आणि शेवटी लांबचा कर्नाळा. शाळेत जिल्ह्याचा भूगोल मी घोकून पाठ केला आणि परीक्षा संपताच विसरलो. आईचा भूगोल मात्र दर लग्नात कानावर पडायचा, त्यामुळे विसरायची सोयच नव्हती.

ज्या देवाला बोलावलं, त्याच्या जागेवर नवरदेवाने हळदीआधी विडा नेऊन ठेवायचा, हा आमच्या घरचा नेम.

मग विमानतळ आला आणि गाव उठलं. आम्हाला पनवेलच्या बाजूला प्लॉट मिळाले. त्यांवर आम्ही शेजाऱ्याच्या नाकावर टिच्चून मजले चढवले. गावदेवीला संगमरवरी देऊळ मिळालं. टेकडीवरच्या देवाच्या डोक्यावर छप्परच नव्हतं, नुसता शेंदूर फासलेला दगड. तो कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. टेकडी सुरुंगांनी फोडली आणि तिच्याच मातीने खाडी बुजवली. एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही आमचेच. आम्ही मात्र तेव्हा टाइल्सचा रंग निवडत होतो.

गेल्या वर्षी माझ्या मुलाचं लग्न निघालं. आई आमंत्रणाचे धवले गायला बसली, तेव्हा माझा धाकटा भाऊ घड्याळ बघत म्हणाला, "आये, टेकडी सोड ना आता. हाय कुठं ती? डीजेवाला थांबलाय."

"तुजा बा तरी कुठं हाय?" आई म्हणाली. "मंग पत्रिकेत त्याचा नाव कसा छापलात?"

आईने टेकडीला बोलावलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच.

बाकीचे विडे आदल्या दिवशीच पोचवले, खाडीचा उरल्यासुरल्या पाण्यात सोडला. हळदीच्या दिवशी सकाळी मी आणि मुलगा टेकडीचा विडा घेऊन गाडीने निघालो. जुन्या गावाच्या वाटेवर आता उंच भिंत आहे. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "किससे मिलना है?" मी सांगितलं. माणूस बिचारा चांगला होता, हसला नाही. "यहाँ कोई पहाड़ नहीं है, अंकल," म्हणाला आणि खात्री पटावी म्हणून बाजूला सरकला. आत नजर जाईल तिथवर सपाट. जिथे जन्मलो, तिथे मला साधी दिशा कळेना. असा संताप आला, पण काढायचा कुणावर? मुलगा म्हणाला, "पप्पा, भिंतीपाशी ठेवू. चालतंय." मला चालेना. विडा खिशात घालून परत आणला.

आई मांडवात वाट बघत बसली होती.

"ठेवलास?"

"जागाच नाय आये. टेकडीच्या देवाला कुनी जागाच दिली नाय."

तिने विडा हातात घेतला.

"त्याला नाय दिली," ती म्हणाली, "मंग तू कशी घेतलीस?"

ती उठून आत गेली. तिला बाहेर आणायला बायकांनी जंग जंग पछाडलं, पण ती आली नाही. शेवटी भावाने मोबाईलवर धवले लावले आणि मुलाला हळद लागली. मोबाईलमधली बाई फार गोड गात होती. ती कुठल्या तरी भलत्याच गावच्या देवांना बोलावत होती.